गुंठा, आकार आणि अल्गोरिदम: शिरूर-दौंडच्या रानातली दोनशे वर्षांची मोजणी

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल तर हा त्याचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

एआय म्हटलं की शिरूरच्या पोरांना आधी काय आठवतं? बिबट्या. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, आणि या विभागात बिबट्या दिसला की सायरन वाजवणारे एआयचे कॅमेरे बसवायला सुरुवात झालीये. दौंडच्या पोरांना काय आठवतं? ऊस. शेजारच्या बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने उसाच्या शेतीत एआय आणलं, आणि त्याची चर्चा पार अमेरिकेपर्यंत गेली.

आज मात्र आपण तिसऱ्याच गोष्टीवर बोलणार आहोत. तिचे रील बनत नाहीत. पण तुमच्या घरी सातबारा असेल तर तिचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. ती गोष्ट म्हणजे मोजणी. तुमच्या रानात काय पेरलंय, किती पिकलंय, किती बुडालंय, हे सरकार कसं ठरवतं? आणि आता हे ठरवायच्या कामात उपग्रह आणि एआय आल्यावर नेमकं काय बदलतंय?

हा प्रश्न नवा वाटतो, पण नाही. भीमा आणि घोड नदीच्या या पट्ट्यात तो दोनशे वर्षं विचारला जातोय. एकदा उत्तर चुकलं तेव्हा गावं ओस पडली. पुढे एकदा लोकांनी सावकाराच्या वह्या भर बाजारात पेटवल्या. तर चला, अगदी सुरुवातीपासून बघू.

पहिलं मॉडेल: प्रिंगल साहेबाचं गणित

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुणे भाग ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. कंपनीला सारा हवा होता, म्हणजे जमिनीवरचा कर. पण कुठल्या जमिनीवर किती सारा लावायचा?

हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. गडी हुशार होता. कंपनीचे अधिकारी इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात तयार व्हायचे आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला होते थॉमस माल्थस. लोकसंख्येच्या सिद्धांतावाले तेच माल्थस. प्रिंगल तिथूनच आलेला. त्या काळातला डेटा सायंटिस्टच म्हणा ना.

त्याची पद्धत अशी होती. जमिनीच्या प्रती ठरवायच्या. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत सरासरी किती पिकतं ते काढायचं. त्यातून बैल, बी, मजुरी असा सगळा खर्च वजा करायचा. उरलं ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे. १८२४ ते १८२८ या काळात ही मोजणी झाली आणि १८३० च्या सुमारास नवे दर लागू झाले.

कागदावर बघाल तर एकदम तर्कशुद्ध. प्रत्यक्षात काय झालं? पूर्ण सारा वसूल होईचना. काही भागांत तर निम्माही येईना. वसुलीसाठी जुलूम झाले. लोक घरदार सोडून शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत निघून गेले. काही भागांत तर कसण्याजोग्या जमिनीपैकी जेमतेम तिसरा हिस्सा कुणाच्या तरी नावावर उरला होता, बाकीची पडीक.

असं का झालं? प्रिंगलच्या आकडेमोडीत मोठी खोट नव्हती. खोट आकडा जिथून यायचा तिथे होती. शेतात उभा राहून "ही जमीन अमुक प्रतीची, इथे इतकं पिकतं" असं लिहिणारा माणूस होता खालच्या पगारातला कारकून. कुणी पैसे चारले की त्याची चांगली जमीन हलक्या प्रतीत जायची. ज्याच्याकडे चारायला काही नव्हतं त्याची मुरमाड जमीन कागदावर काळीभोर व्हायची. वरच्या ऑफिसात अपूर्णांकापर्यंत हिशेब चालला होता आणि खालचा आकडाच खोटा होता.

आज एआय शिकवणाऱ्या प्रत्येक कोर्समध्ये एक वाक्य असतं: आत कचरा घातला की बाहेर कचराच येणार. पुणे जिल्ह्याने हे वाक्य संगणकाच्या शंभर वर्षं आधी शिकून घेतलं, आणि त्याची फी भरली शेतकऱ्याने.

दुसरं मॉडेल: साखळी, गुंठा आणि आणे

१८३५-३६ मध्ये दुरुस्तीचं काम सुरू झालं ते इंदापूरपासून. गोल्डस्मिड हा महसूल अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर, अशी जोडी होती. त्यांनी एक मोठा निर्णय घेतला. निव्वळ उत्पन्न नेमकं काढायचा हट्टच सोडून दिला. त्याऐवजी जे डोळ्यांनी दिसतं आणि हाताने तपासता येतं, तेच मोजायचं.

म्हणजे काय? मातीचा रंग बघा: काळी, तांबडी की हलकी. खोदून खोली बघा. मग दोष बघा: चुनखडी आहे का, रेती आहे का, उतार आहे का, पावसाचं पाणी वाहून माती जाते का. अशा नऊ प्रती केल्या आणि प्रत्येकीची किंमत आण्यांत ठरवली. सोळा आणे म्हणजे उत्तम जमीन. शेताचे छोटे भाग पाडून प्रत्येकाची प्रत काढायची आणि मग सरासरी. जुन्या कागदांत "भागआणे" हा शब्द दिसतो तो याच पद्धतीतला. "सोळा आणे खरं" असं आपण आजही म्हणतोच.

आणि ती साखळी! मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो झाला एक गुंठा. १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज वाघोली-शिक्रापूर रस्त्यावर गुंठ्याचे भाव विचारणाऱ्या किती जणांना माहीत असेल की आपण एका जुन्या लोखंडी साखळीचा चौरस विकत घेतोय?

एक गंमत सांगतो. आज शेतीवर नजर ठेवायला युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह खूप वापरले जातात. त्यांच्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका, म्हणजे एक पिक्सेल, जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर असतो. १०० चौरस मीटर. आणि गुंठा किती? १०१ चौरस मीटरला थोडा जास्त. म्हणजे अवकाशातून बघणारं यंत्रही आपलं रान साधारण गुंठ्यागुंठ्यानेच बघतं. साखळी बदलली, तुकडा तेवढाच राहिला.

गोल्डस्मिड-विंगेटची पद्धत टिकली. दर तीस वर्षांसाठी पक्का असायचा. शेतकऱ्याने विहीर पाडली, बांध घातला, तरी मधल्या काळात सारा वाढणार नाही, अशी हमी होती. पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, आकार, हे सगळे शब्द या पद्धतीने आपल्या रोजच्या बोलण्यात पक्के केले. इंदापूरनंतर ती भीमथडीसह बाकीच्या तालुक्यांत गेली. आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात होता, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तीस वर्षांनी: चुकीच्या वर्षांवर शिकलेलं मॉडेल

१८६७ मध्ये इंदापूरची तीस वर्षं संपली. मग भीमथडी आणि इतर तालुके. नवे दर ठरवताना अधिकाऱ्यांनी आधीच्या वर्षांचे भाव बघितले. आणि नेमकी ती वर्षं कुठली होती?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं. त्याआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा जवळपास तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा. तो थांबला आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबई इलाख्यात पैशाचा पूर आला. भाव चढले, सावकार उधार द्यायला दारात उभे राहिले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला आणि भाव कोसळले.

दर मात्र तेजीच्या वर्षांकडे बघून वाढवलेले होते. काही गावांत वाढ इतकी मोठी होती की १८७४ मध्ये सरकारला स्वतःच लगाम घालावा लागला: गावांच्या गटाला ३३ टक्के, एका गावाला ६६ टक्के आणि एका खातेदाराला १०० टक्के, याच्या वर वाढ नाही.

जुन्या डेटावर शिकलेलं मॉडेल नव्या परिस्थितीत चुकतं. कोविडमध्ये मोठमोठ्या कंपन्यांचे अंदाज असेच चुकले होते. इथे फरक एवढाच होता की चुकलेल्या अंदाजाचा भार ज्याच्यावर पडला, त्याच्याकडे तो पेलायला दुसरं काही नव्हतं. तो सावकाराकडे गेला.

करडे, सुपे, केडगाव

सावकारीतही आकड्यांचा खेळ होता. १८५९ मध्ये एक कायदा आला: कर्जरोखा तीनच वर्षं वैध राहील. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनं व्याज मुद्दल म्हणून लिहायचं आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं. लिहिणारा सावकार, वाचता न येणारा शेतकरी, आणि कोर्टात चालणार तो फक्त कागद. अंगठा उठवला की संपलं.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा आणून गावातल्या देशमुखांच्या घरावर जप्ती आणली. गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. कुणी त्याच्याकडून काही घेईना, कुणी त्याचं काम करेना.

मग १२ मे १८७५, सुप्याचा बाजार. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. आसपासच्या गावांतले लोक जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी पहिली मागणी केली वह्यांची आणि रोख्यांची. ते मिळाले की बाजारात ढीग करून पेटवले. धान्याची दुकानंही लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. एका दिवसात लोण केडगावला पोचलं. हो, आपल्या दौंड तालुक्यातलंच केडगाव. तिथे एका मोठ्या सावकाराचं घर जळलं. पुढे शिरूर, इंदापूर आणि नगर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत हे पसरलं. एकूण ९५१ जणांना अटक झाली.

इतिहासात याला "दख्खनचे दंगे" म्हणतात. गावागावांत मारवाडी आणि गुजर सावकार हे बाहेरून आलेले असल्याने तेच लक्ष्य झाले, हेही खरं आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. पण जाळलं काय, याकडे नीट बघा. बऱ्याच ठिकाणी वही-रोखे हातात पडले की जमाव शांत व्हायचा. माणसांना गंभीर इजा झाल्याच्या घटना थोड्या. लोकांना चीड होती ती त्यांच्याबद्दल लिहिलेल्या, पण त्यांना वाचता न येणाऱ्या आणि खोडता न येणाऱ्या नोंदीची.

आयोगाला प्रश्न कुणी दिला?

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने भरपूर डेटा गोळा केला: शेतकऱ्यांचे आणि सावकारांचे जबाब, साऱ्याचे दर, बाजारभाव, व्याजाचे दर, कलेक्टरांचे अहवाल. १८७८ मध्ये अहवाल इंग्लंडच्या संसदेपुढे गेला. आजही इतिहासाच्या अभ्यासकांना तो सोन्याच्या खाणीसारखा आहे.

पण आयोगाला खास विचारलेला प्रश्न होता, की सरकारी सारा हे दंग्याचं कारण आहे का? आणि उत्तर आलं, नाही. दोष सावकारीचा. आयोगातले एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी वेगळं टिपण लिहून महसूल पद्धतीवर टीका केली, पण मुख्य सूर तोच राहिला. सरकारनेच प्रश्न ठरवला, सरकारनेच डेटा जमवला, आणि सरकारच सुटलं.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. कोर्ट आता फक्त रोख्याकडे बघून निकाल देणार नव्हतं, व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासणार होतं. म्हणजे कागदावरचा आकडा अंतिम नाही, त्याला प्रश्न विचारता येईल. हे १८७५ च्या त्या आगीतून निघालं.

त्याच सुमारास, १८७६-७७ च्या दुष्काळात, पुणे सार्वजनिक सभेने दुसरी वाट दाखवली. सरकारी अहवालांवर विसंबून न राहता सभेने गावोगाव आपली माणसं पाठवली, परिस्थितीची माहिती मागवली आणि ती प्रसिद्ध करून सरकारपुढे मांडली. गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे हे त्यामागे होते. आज ज्याला "सिटिझन डेटा" म्हणतात, तो पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी गोळा झालाय.

जातेगावची पाहणी आणि चिठ्ठीने निवडलेलं शेत

आता थोडी उडी मारू. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाचा घरोघर अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. आज जिथे मॉल आणि टॉवर आहेत तेच पिंपळे सौदागर. जमिनीचे तुकडे, कर्ज, कमाई, सगळं मोजलं. मग आक्षेप आला: हे गाव पुणे-खडकीला चिकटलेलं, इथल्या लोकांना बाहेर कामं मिळतात. यावरून सगळ्या दख्खनचं काय सांगणार?

मान यांनी आक्षेप मानला आणि दुसरं गाव निवडलं. शहरापासून दूर, पावसावर जगणारं. ते गाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. ना. वि. कानिटकर यांच्यासोबतचा हा अभ्यास १९२१ मध्ये आला. चित्र पहिल्या गावापेक्षाही वाईट निघालं. बहुतेक कुटुंबांचं शेतीवर भागत नव्हतं. एका गावाचा डेटा सगळ्यांना लावता येत नाही, हे जातेगावने दाखवून दिलं.

पुढचा टप्पा १९४० च्या दशकातला. तोवर पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी: गावकामगारांनी नजरेने बघून "यंदा आठ आणे पीक" म्हणायचं. नजर कुणाची, तर ज्याचं वजन त्याची. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीची पद्धत बसवली. शेत निवडायचं ते यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, कुणाच्या मर्जीने नाही. त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, उदाहरणार्थ १० मीटर बाय ५ मीटर. तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं.

सुखात्मेंनी एक बारीक गोष्टही धरली. तुकडा फार छोटा घेतला तर कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. आकडेशास्त्रातला हा वाद कोलकात्याच्या महालनोबिसांपर्यंत गेला. वाद कशावरून, तर शेताच्या कडेची चार ताटं आत धरायची की बाहेर. मोजणीत देव असा कडेलाच बसलेला असतो.

आता मोबाईल, उपग्रह आणि एआय

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. तलाठ्याने नोंदवायचं पीक आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून, फोटो काढून नोंदवतो. २०२३ मध्ये केंद्राने पीक विम्यासाठी यस-टेक आणलं: उपग्रह आणि मॉडेलने काढलेल्या उत्पादनाच्या अंदाजाला काही पिकांत पीक कापणीच्या आकड्यासोबत वजन दिलं. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाअॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्यासाठी ५०० कोटींची तरतूद.

यात चांगलं बरंच आहे. पीक कापणीला माणसं कमी पडतात, प्रयोग घाईत उरकले जातात, कधी कुणाचा दबाव येतो. उपग्रहाला कुणी चहा पाजू शकत नाही. दर पाच दिवसांनी तो सेंटिनेल परत डोक्यावर येतो. पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश किती परत फेकतं, त्यावरून पीक जोमात आहे की सुकतंय हे कळतं. ढग असतील तर रडारवाले उपग्रह ढगांतूनही बघतात. १८३० च्या कारकुनापेक्षा हे नक्कीच प्रामाणिक.

पण जुने प्रश्न गेलेत का? एकेक बघू.

शिरूरच्या पूर्व पट्ट्यात बाजरीत तूर असते, मटकी असते. एका गुंठ्याच्या ठिपक्यात दोन पिकं. यंत्र त्याला काय म्हणणार? ते यंत्र शिकलं कशावर? शेतात जाऊन गोळा केलेल्या नोंदींवर. ती नोंद कुणी केली? स्वतः शेतकऱ्याने, की ज्याच्याकडे चांगला फोन नव्हता म्हणून गावातल्या कुणीतरी शेवटच्या तारखेला रांगेने पन्नास जणांची केली? वाट्याने करणाऱ्याचं नाव तर सातबाऱ्यावर नसतंच. प्रिंगलचा कारकून गेला, पण त्याची जागा रिकामी नाही.

दुसरं. विम्याचा आकडा बहुतेक पिकांसाठी महसूल मंडळाचा असतो. तुम्ही पाहिलंय ना, बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ? मंडळाची सरासरी ठीक निघाली तर ज्याचं खरंच बुडालं त्याचं काय? जातेगावचा आक्षेप अजून तसाच उभा आहे.

तिसरं. मॉडेल मागच्या वर्षांवर शिकतं. ऑक्टोबरात पडणारा असा पाऊस त्या वर्षांत नसेल तर? कांदा काढून चाळीत ठेवला आणि तिथे सडला, तर उपग्रहाला दिसणार कसं? त्याच्या लेखी रान रिकामं, पीक घरात, सगळं उत्तम.

आणि सगळ्यात मोठं. आकडा चुकला तर जायचं कुणाकडे? पैसेवारीला निदान नजर, सुधारित आणि अंतिम असे टप्पे आहेत, गावाला त्यावर बोलायला वाव आहे. पीक कापणीच्या वेळी लोक बांधावर उभे राहून वजनकाटा बघू शकतात. मॉडेलचा वजनकाटा कुठे आहे? "संगणकाने काढलंय" असं म्हटलं की समोरचा गप्प बसतो. १८७५ मध्ये "रोख्यावर लिहिलंय" म्हटलं की असाच गप्प बसायचा.

मग मागायचं काय?

एआय नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. नजरेच्या आणेवारीकडे परत जाण्यात कुणाचंच भलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की या दोनशे वर्षांत ज्या पद्धती टिकल्या त्या शेतकऱ्याला तपासता येत होत्या. विंगेटची माती कुणीही खोदून बघू शकत होतं. १८७९ च्या कायद्याने हिशेब उघडायला लावला. सुखात्मेंचं वजन सगळ्यांसमोर व्हायचं.

मग आजही तेच मागूया. प्रत्येक मंडळासाठी मॉडेलचा अंदाज आणि पीक कापणीचा आकडा शेजारी शेजारी, मराठीत, गावच्या चावडीवर आणि मोबाईलवर दिसला पाहिजे. दोन्हींत मोठा फरक असेल तर पुन्हा मोजणी झाली पाहिजे. हरकत घ्यायला ठरावीक मुदत हवी आणि उत्तर द्यायला माणूस हवा, चॅटबॉट नको. आणि १८७४ सारखा लगाम हवा: फक्त यंत्राच्या एका आकड्यावरून कुणाची भरपाई शून्य होणार नाही.

यात तुमचं काम काय? तुम्ही हे फोनवर वाचताय, म्हणजे गावातल्या निम्म्या वडीलधाऱ्यांपेक्षा तुम्हाला हे जास्त जमतं. घरच्या सातबाऱ्यावरची पीक नोंद उघडून बघा. आजीच्या, काकाच्या, शेजारच्या वाटेकऱ्याच्या रानात स्वतः जाऊन खरं पीक नोंदवा, बांधावरून अंदाजाने नको. गावात पीक कापणीचा प्रयोग कधी आहे ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा, तिथे उभे रहा, वजनाचा फोटो काढून ठेवा. सार्वजनिक सभेच्या माणसांना गावोगाव पायपीट करावी लागली होती. तुमच्या खिशात कॅमेरा आहे, नकाशा आहे आणि तारीख-वेळही आपोआप पडते.

सुप्याच्या बाजारात लोकांनी वह्या जाळल्या, कारण त्या वाचता येत नव्हत्या. आपल्याला वाचता येतात. तेव्हा जाळायची वेळ येण्याआधी वाचूया.

तुमच्या गावात पीक कापणी किंवा ई-पीक पाहणीचा काय अनुभव आहे, तो व्हॉइस नोट करून जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!